ई. एम. फॉर्स्टर

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर (१ जानेवारी, १८७९ – ७ जून, १९७०) हे इंग्लिश कादंबरीकार, कथाकार, निबंधकार आणि ग्रंथसमीक्षक होते. ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीमुळे त्यांचे नाव भारतीय वाचकांस परिचित आहे. त्यांच्या हयातीत पाच कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ‘मॉरिस’ ही सहावी कादंबरी त्यांनी १९१४ मध्येच लिहून पूर्ण केली होती. परंतु दोन पुरुषांमधील प्रेम हा तिचा विषय असल्यामुळे ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रकाशित झाली. मधली सत्तावन्न वर्षे ती केवळ विश्वासातील मित्रांच्या हातून हातात फिरत राहिली. स्वतःचे पुस्तक असे दडवून ठेवणाऱ्या या लेखकाने त्याच काळात समलिंगी प्रेमाविषयी लिहिणाऱ्या इतर लेखकांची पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी परीक्षणे लिहिली, शिफारशी केल्या आणि न्यायालयाची पायरीही चढली.

जन्म आणि बालपण

फॉर्स्टर यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील वास्तुविशारद होते. मुलाचे नाव हेन्री मॉर्गन ठेवायचे ठरले होते आणि नोंदही तशीच झाली होती. पण बाप्तिस्म्याच्या वेळी गोंधळ होऊन वडिलांचेच एडवर्ड हे नाव त्याला दिले गेले. मूल दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडील क्षयाने वारले. आई लिली यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवले आणि १९४५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत मायलेकांचे घर एकच राहिले. ‘मॉरिस’ इतकी वर्षे का अप्रकाशित राहिली, याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८८३ ते १८९३ या काळात हे कुटुंब हर्टफर्डशायरमधील स्टीव्हनेजजवळच्या ‘रुक्सनेस्ट’ या घरात राहिले. ‘हॉवर्ड्स एंड’ या कादंबरीतील घर याच वास्तूवरून घेतलेले आहे. वडिलांच्या मावशी मॅरिअन थॉर्नटन यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्राने ८,००० पौंड ठेवले. या रकमेमुळे त्यांचे शिक्षण सुखाने झाले आणि पुढेही पोटासाठी नोकरी करण्याची वेळ आली नाही. टनब्रिज येथील शाळेत मात्र त्यांचे दिवस वाईट गेले. इंग्रजी निवासी शाळांच्या पद्धतीविषयीची त्यांची नाराजी पुढे अनेक ठिकाणी उमटली आहे.

केंब्रिज आणि पहिल्या कादंबऱ्या

१८९७ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. अभिजात भाषा आणि इतिहास हे त्यांचे विषय होते. गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन यांच्यासारखे अध्यापक आणि ‘अपॉसल्स’ या चर्चामंडळातील मित्र यांच्या सहवासात त्यांना मोकळेपणाने विचार करण्याची सवय लागली. प्लेटोच्या संवादांतून पुरुषांमधील प्रेमाचा एक सन्मानित इतिहास त्यांच्यापुढे आला. इंग्रजीत ज्याविषयी बोलता येत नव्हते, ते ग्रीक अभ्यासक्रमात राजरोस शिकवले जात होते. या विसंगतीचा उपयोग त्यांनी ‘मॉरिस’मध्ये नेमकेपणाने केला आहे.

शिक्षणानंतर आईबरोबर इटली आणि ग्रीसचा प्रवास, लंडनच्या कामगारांसाठीच्या महाविद्यालयात अध्यापन आणि लेखन असा त्यांचा क्रम होता. ‘व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड’ (१९०५), ‘द लाँगेस्ट जर्नी’ (१९०७), ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) आणि ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) या चार कादंबऱ्या अवघ्या पाच वर्षांत आल्या. शेवटच्या कादंबरीने त्यांना इंग्लंडमधील पहिल्या रांगेतील लेखकांत बसवले.

याच सुमारास त्यांची गती मंदावली. स्त्रीपुरुषांचे प्रेम आणि विवाह एवढाच विषय आपल्याला लिहिण्याची मुभा आहे आणि त्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, अशा आशयाची नोंद त्यांच्या जून १९११ च्या दैनंदिनीत आढळते. ही दैनंदिनी ते कुलूप लावून ठेवीत.

कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १८८५ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने पुरुषांमधील खाजगी लैंगिक संबंधही सक्तमजुरीस पात्र ठरवले होते. ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये याच तरतुदीखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. फॉर्स्टर तेव्हा सोळा वर्षांचे होते. वाइल्ड यांच्या खटल्यात त्यांची पुस्तकेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखवण्यात आली, हे त्या पिढीतील लेखक कधीच विसरले नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा कायदा १९६७ मध्ये, तोही २१ वर्षांवरील पुरुषांपुरता आणि खाजगी संबंधांपुरता, शिथिल झाला. म्हणजे फॉर्स्टर यांच्या आयुष्याची ऐंशीहून अधिक वर्षे या कायद्याच्या छायेत गेली. भारतात ब्रिटिशांनीच १८६० च्या दंड संहितेत घातलेले कलम ३७७ हे प्रौढांच्या सहमतीच्या संबंधांपुरते रद्द होण्यास ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

‘मॉरिस’

१९१३ मध्ये फॉर्स्टर डर्बीशायरमधील मिलथॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर यांना भेटले. कार्पेंटर हे समाजवादी विचारवंत आणि कवी होते, वॉल्ट व्हिटमन यांचे चाहते होते. ‘द इंटरमीडिएट सेक्स’ (१९०८) हे समलिंगी प्रेमाची बाजू उघडपणे मांडणारे पुस्तक त्यांनी लिहिले होते. जॉर्ज मेरिल या कामगारवर्गातील जोडीदारासह ते उजळ माथ्याने एका घरात राहत. असे जगता येते, हे फॉर्स्टर यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. कादंबरीची कल्पना त्या भेटीतच सुचली, असे त्यांनी पुढे नोंदवले आहे.

कथानायक मॉरिस हॉल हा सामान्य बुद्धीचा, मध्यमवर्गीय, पुढे दलालीच्या व्यवसायात पडणारा तरुण आहे. फॉर्स्टर यांनी नायक मुद्दाम स्वतःहून वेगळा केला. कलावंत किंवा विद्वान नसलेल्या माणसाच्या वाट्याला हे प्रेम आले तर काय होते, हे त्यांना पाहायचे होते. केंब्रिजमध्ये मॉरिस आणि क्लाइव्ह डरहॅम यांचे प्रेम जुळते, ते प्लेटोच्या आधाराने आणि देहाला दूर ठेवून. पुढे क्लाइव्ह ग्रीसहून परततो, तो बदलून. तो विवाह करतो आणि जमीनदारीत रमतो. एकटा पडलेला मॉरिस डॉक्टरकडे जातो, मग संमोहनतज्ज्ञाकडे जातो. या प्रकरणांत त्या काळच्या वैद्यकाचे अज्ञान फॉर्स्टर यांनी शांतपणे, जराही आरडाओरड न करता दाखवले आहे. अखेर क्लाइव्हच्या इस्टेटीवरील शिकाररक्षक अ‍ॅलेक स्कडर आणि मॉरिस एकत्र येतात आणि समाजाकडे पाठ फिरवून निघून जातात.

हा सुखान्त लेखकाच्या दृष्टीने कळीचा होता. शेवटी आत्महत्या किंवा शिक्षा दाखवली असती, तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, हे त्यांना ठाऊक होते. १९६० मध्ये लिहिलेल्या टिपणात त्यांनी तसे स्पष्ट केले आहे. ‘गुन्हेगार’ सुखी राहतात आणि त्यांना शासन होत नाही, म्हणून ही कादंबरी आक्षेपार्ह ठरणार होती. अर्पणपत्रिकेत कोणा व्यक्तीचे नाव नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या बऱ्या दिवसांना ती वाहिलेली आहे.

हस्तलिखिताचे वाचक

छापलेल्या पुस्तकाला परीक्षणे मिळतात. ‘मॉरिस’ला मिळाली ती पत्रे. डिकिन्सन आणि कार्पेंटर हे पहिल्या वाचकांपैकी होते. लिटन स्ट्रेची यांनी १९१५ मध्ये पाठवलेले पत्र हे या कादंबरीचे पहिले खरे कठोर परीक्षण म्हणता येईल. मॉरिस आणि अ‍ॅलेक यांचे नाते कुतूहल आणि वासना यांवर उभे असून ते सहा आठवड्यांपलीकडे टिकणार नाही, असे त्यांचे मत होते. वर्गभेद ओलांडून दोन माणसे जन्मभर एकत्र राहतील, हे स्ट्रेची यांना पटले नाही. फॉर्स्टर यांनी टीका मनावर घेतली. शेवट मात्र बदलला नाही. अ‍ॅलेकच्या व्यक्तिरेखेवर ते पुढे अनेक वर्षे काम करीत राहिले. १९३० च्या दशकात आणि पुन्हा १९५९-६० मध्ये त्यांनी संहिता सुधारली. मॉरिस आणि अ‍ॅलेक लाकूडतोडे होऊन राहत असल्याचे दाखवणारा मूळ उपसंहार त्यांनी काढून टाकला.

तरुण पिढीतील वाचकांत ख्रिस्तोफर इशरवुड महत्त्वाचे होत. त्यांनी १९३३ मध्ये हस्तलिखित वाचले. पुस्तक जुनाट तर वाटत नाही ना, ही फॉर्स्टर यांची शंका होती. इशरवुड यांना त्या जुनेपणात काही वावगे दिसले नाही. लेखकाने १९१३ मध्ये किती धाडस केले होते, ते तरुणांना वीस वर्षांनंतर अधिक जाणवले. कायदा बदलेपर्यंत आणि आई हयात असेपर्यंत प्रकाशन अशक्य होते, एवढे स्पष्टीकरण मात्र पुरेसे नाही. आई १९४५ मध्ये वारली, कायदा १९६७ मध्ये बदलला, तरीही पुस्तक पेटीतच राहिले. त्यांचे निकटचे स्नेही बॉब बकिंगहॅम पोलीस दलात होते आणि विवाहित होते. त्यांच्यावर बालंट येऊ नये ही काळजी त्यामागे असणार. शिवाय उतारवयात गाजावाजा सोसण्याची फॉर्स्टर यांची तयारी नव्हती.

अलेक्झांड्रिया आणि कवाफी

पहिल्या महायुद्धात फॉर्स्टर रेडक्रॉसच्या सेवेत १९१५ च्या नोव्हेंबरात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे गेले आणि १९१९ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले. रुग्णालयांतील जखमी सैनिकांना भेटून बेपत्ता झालेल्यांची माहिती गोळा करणे, हे त्यांचे काम होते. तेथे मोहम्मद अल अद्ल या ट्रामवाहकाशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले. फॉर्स्टर यांच्या आयुष्यातील हे पहिले परिपूर्ण नाते होय. मोहम्मद १९२२ मध्ये क्षयाने वारला.

याच शहरात त्यांना ग्रीक कवी कॉन्स्टंटाइन कवाफी (१८६३–१९३३) भेटले. कवाफी पाटबंधारे खात्यात कारकुनी करीत. प्राचीन ग्रीक जगातील पराभूत राजे आणि विसरलेली नगरे यांच्याविषयी ते लिहीत, तसेच तरुण पुरुषांवरील प्रेमाविषयीही लिहीत, आणि ते कसलाही आडपडदा न ठेवता. त्यांनी हयातीत बाजारात संग्रह आणला नाही. सुट्या कागदांवर कविता छापून घेऊन त्या निवडक लोकांना देण्याची त्यांची पद्धत होती. स्वतःची कादंबरी टंकलिखित प्रतींतून मित्रांना वाचायला देणाऱ्या फॉर्स्टर यांना या कवीची रीत परकी वाटली नसावी.

इंग्लंडला परतल्यावर फॉर्स्टर यांनी १९१९ मध्ये ‘अथेनियम’ या नियतकालिकात कवाफींवर लेख लिहिला. जॉर्ज व्हॅलासोपूलो यांनी केलेली भाषांतरे त्यात समाविष्ट होती. इंग्रजी वाचकांना कवाफींची ओळख झाली ती या लेखाने. १९२३ मध्ये वूल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने काढलेल्या ‘फेरॉस अँड फेरिलॉन’ या पुस्तकात तो पुन्हा आला. पुढची अनेक वर्षे फॉर्स्टर या कवितांची पाठराखण करीत राहिले. त्यांच्या खटपटीतून टी. एस. एलियट यांनी ‘क्रायटेरियन’मध्ये १९२४ साली ‘इथाका’ ही कविता छापली. लेनर्ड वूल्फ संग्रह काढण्यास उत्सुक होते; कवाफीच होकार देण्याचे लांबवीत राहिले. अखेर जॉन मॅव्हरोगोर्डाटो यांनी केलेले संपूर्ण कवितांचे भाषांतर होगार्थ प्रेसने १९५१ मध्ये काढले, तेव्हा कवी जाऊन अठरा वर्षे झाली होती. त्या पुस्तकावरही फॉर्स्टर यांनी लिहिले. एकाच कवीच्या बाजूने बत्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा उभे राहणारा समीक्षक विरळा. आज कवाफी जगभर वाचले जातात, त्याचे मोठे श्रेय या चिकाटीला द्यावे लागते.

देवास

फॉर्स्टर यांचा भारताशी संबंध सय्यद रॉस मसूद यांच्यामुळे आला. सर सय्यद अहमद खान यांचे हे नातू इंग्लंडमध्ये शिकत असता १९०६ पासून फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवीत. फॉर्स्टर यांचे मसूद यांच्यावर प्रेम जडले. मसूद यांच्याकडून त्याला तसा प्रतिसाद मिळाला नाही, पण मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९१२-१३ मध्ये फॉर्स्टर प्रथम भारतात आले आणि त्या वेळी माळव्यातील देवास संस्थानही त्यांनी पाहिले.

देवास हे पवार घराण्याचे मराठा संस्थान. थोरली पाती आणि धाकटी पाती अशा त्याच्या दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई होते. १९२१ मध्ये फॉर्स्टर यांनी त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने काम केले. महाराजांचा उल्लेख ते बापूसाहेब असा करीत. त्या काळातील पत्रे आणि आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात आहेत. शीर्षकातील टेकडी म्हणजे देवासची चामुंडेची टेकडी. पुढे तिच्याच पायथ्याशी कुमार गंधर्वांनी घर केले.

या पुस्तकातून एक भाग गाळलेला होता. फॉर्स्टर यांनी आपल्या कलाची कल्पना महाराजांना दिली, तेव्हा महाराजांनी रागावण्याऐवजी त्यांना सांभाळून घेतले आणि गवगवा होऊ नये म्हणून राजवाड्यातील कनय्या या न्हाव्याची व्यवस्था करून दिली. या प्रकरणाचे टिपण फॉर्स्टर यांनी लिहून ठेवले होते. ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना वाचक अस्वस्थ होतो. संस्थानचा गोरा अधिकारी आणि हुकमाचा ताबेदार सेवक यांच्यातील तो व्यवहार बरोबरीचा नव्हता आणि त्यात फॉर्स्टर यांच्या हातून क्रूरपणाही घडला. त्यांनी तो लपवलेला नाही. ‘मॉरिस’मध्ये वर्गभेद ओलांडणारे प्रेम रंगवणाऱ्या लेखकाला देवासमध्ये तो भेद ओलांडता आला नाही. त्यांच्या चाहत्यांनी ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

‘अ पॅसेज टू इंडिया’

देवासमध्ये पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव या कादंबरीच्या शेवटच्या भागात जवळजवळ तसाच उतरला आहे. प्राध्यापक नारायण गोडबोले हा दख्खनी ब्राह्मण तेथे आपल्या गायकांसह तुकारामाचे नाव घेऊन भजन करतो. जगभरच्या इंग्रजी वाचकांपर्यंत तुकारामांचे नाव पोहोचवणाऱ्या पुस्तकांत या कादंबरीचा समावेश करावा लागेल. डॉ. अझीझ आणि फील्डिंग यांची मैत्री साम्राज्याच्या चौकटीत पुरी होऊ शकत नाही, हा कादंबरीचा गाभा आहे. कादंबरीचे नाव व्हिटमन यांच्या कवितेवरून घेतलेले असून ती मसूद यांना अर्पण केलेली आहे.

१९२४ नंतरच्या ४६ वर्षांत त्यांनी एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. कथा मात्र लिहिल्या, त्याही पेटीत ठेवण्यासाठी. त्याआधीच्या काही त्यांनी १९२२ मध्ये जाळून टाकल्या होत्या. ‘डॉ. वूलाकॉट’ (१९२७) ही कथा टी. ई. लॉरेन्स यांनी वाचून वाखाणली होती. ‘द अदर बोट’ ही भारताकडे निघालेल्या जहाजावरची, इंग्रज अधिकारी आणि मिश्रवंशीय तरुण यांची कथा १९५० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाली. तिचा शेवट खून आणि आत्महत्या यांत होतो. ‘मॉरिस’साठी नाकारलेला शेवट चाळीस वर्षांनंतर येथे आला, आणि कथा म्हणून ही रचना ‘मॉरिस’हून अधिक भेदक उतरली आहे.

‘द वेल ऑफ लोनलीनेस’ खटला

रॅडक्लिफ हॉल यांची ही कादंबरी जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने जुलै १९२८ मध्ये काढली. स्त्रियांवर प्रेम करणारी स्त्री तिची नायिका आहे. ‘संडे एक्सप्रेस’चे संपादक जेम्स डग्लस यांनी १९ ऑगस्टला तिच्यावर जहरी लेख लिहून बंदीची मागणी केली. गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स यांच्या दडपणामुळे प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. पॅरिसमध्ये छापलेल्या प्रती इंग्लंडमध्ये येऊ लागताच त्या जप्त झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले.

फॉर्स्टर आणि लेनर्ड वूल्फ यांनी लेखकांचे निषेधपत्र तयार करून सह्या गोळा करण्यास सुरुवात केली. हॉल यांचा आग्रह असा की, पत्रात कादंबरीच्या वाङ्मयीन श्रेष्ठतेचा उल्लेख हवा. फॉर्स्टर यांना कादंबरी कलाकृती म्हणून उत्तम वाटत नव्हती. त्यांना लढायचे होते ते विषय मांडण्याच्या हक्कासाठी. या मतभेदामुळे मोठे निषेधपत्र बारगळले. सप्टेंबरमध्ये ‘नेशन अँड अथेनियम’ साप्ताहिकात फॉर्स्टर आणि व्हर्जिनिया वूल्फ या दोघांच्याच सह्यांचे लहानसे पत्र आले. एखादा विषय निषिद्ध ठरला की लेखकाला पुढे कोणकोणते विषय निषिद्ध ठरतील याचा अंदाज राहत नाही आणि त्याच्या मनाचा मोकळेपणाच जातो, हा त्यातील युक्तिवाद होता. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या दैनंदिनीवरून असेही दिसते की, स्त्रियांच्या समलिंगी प्रेमाविषयी खुद्द फॉर्स्टर यांच्या मनात अढी होती. आपल्याला न आवडलेल्या पुस्तकासाठी आणि न समजलेल्या अनुभवासाठी ते उभे राहिले, हे म्हणूनच अधिक उल्लेखनीय ठरते.

९ नोव्हेंबर १९२८ रोजी बो स्ट्रीट न्यायालयात सुनावणी झाली. बचावासाठी सुमारे चाळीस साक्षीदार हजर होते. त्यांत फॉर्स्टर होते. दंडाधिकारी चार्ट्रेस बायरन यांनी एकाचीही साक्ष घेतली नाही. पुस्तक अश्लील आहे की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, जाणकारांचे मत त्यात अप्रस्तुत आहे, अशी त्यांची भूमिका होती. १६ नोव्हेंबरला पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, अपीलही फेटाळले गेले. इंग्लंडमध्ये ही कादंबरी पुन्हा १९४९ मध्ये छापली गेली. स्वतःच्या पेटीतील हस्तलिखिताचे काय झाले असते, याचे उत्तर फॉर्स्टर यांना त्या दिवशी न्यायालयात बसून मिळाले.

समीक्षक आणि नभोवाणी

१९२७ मध्ये केंब्रिज येथे दिलेली व्याख्याने ‘अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या नावाने प्रसिद्ध झाली. सपाट आणि गोलाकार व्यक्तिरेखा हा त्यातील भेद मराठी समीक्षेतही रुळला आहे. १९३४ मध्ये ते नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय लेखक संमेलनात त्यांनी जेम्स हॅनली यांच्या ‘बॉय’ या कादंबरीवर इंग्लंडमध्ये झालेल्या कारवाईचा प्रश्न मांडला. जहाजावर खलाशांच्या अत्याचारांना बळी पडणाऱ्या मुलाची ती कथा होती.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ (१९३५) एकोणीस प्रकाशकांनी नाकारली होती. फॉर्स्टर यांची प्रस्तावना मिळाल्यावर ती छापली गेली. भंगी तरुणाच्या एका दिवसाचे हे चित्रण ‘घाणेरडे’ ठरवले जाईल हे ओळखून त्यांनी प्रस्तावनेत त्या आक्षेपाचाच समाचार घेतला. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या पूर्व विभागातून भारतीय श्रोत्यांसाठी ते नव्या पुस्तकांवर नियमित भाषणे करीत. काही काळ जॉर्ज ऑर्वेल या विभागात निर्माते होते. ‘द लिसनर’ या बीबीसीच्या साप्ताहिकात त्यांची परीक्षणे येत. त्याच्या वाङ्मयीन विभागाचे संपादक त्यांचे मित्र जे. आर. अ‍ॅकर्ली होते.

१९४७ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी समीक्षेच्या प्रयोजनाचा विचार केला. समीक्षेमुळे कलावंताची निर्मिती सुधारते हे त्यांना मान्य नव्हते. समीक्षेचे समर्थन करायचे तर ते कलाकृतीवरील प्रेमाच्या आधारे करावे लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या परीक्षणांत पांडित्य कमी आणि वाचकाशी गप्पा अधिक असतात, त्याचे मूळ येथे आहे. क्वचित हा हलकेपणा जास्तही होतो.

उत्तरकाळ

१९४५ मध्ये जयपूर येथील पेन संस्थेच्या परिषदेसाठी ते तिसऱ्यांदा भारतात आले. १९४६ पासून किंग्ज कॉलेजातील खोल्यांत त्यांचे वास्तव्य होते. हर्मन मेलव्हिल यांच्या ‘बिली बड’वरून बेंजामिन ब्रिटन यांनी रचलेल्या संगीतिकेची (१९५१) संहिता त्यांनी एरिक क्रोझिअर यांच्यासह लिहिली. ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला; १९६९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ स्वीकारला.

१९५९ च्या नव्या अश्लीलताविरोधी कायद्याने वाङ्मयीन गुणवत्तेविषयी तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य ठरवली. त्यामुळे ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ खटल्यात १९६० मध्ये, ८१ व्या वर्षी, फॉर्स्टर यांना साक्ष देता आली. बायरन यांच्या न्यायालयात जे बोलता आले नव्हते, ते बोलण्याची संधी बत्तीस वर्षांनी आली आणि त्या वेळी प्रकाशक निर्दोष सुटला. याच पुस्तकाच्या विक्रीवरून मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला, त्यात मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये शिक्षा कायम केली.

७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्री येथे बॉब आणि मे बकिंगहॅम या दांपत्याच्या घरी फॉर्स्टर यांचे निधन झाले.

मरणोत्तर प्रकाशन

‘मॉरिस’ १९७१ मध्ये आणि ‘द लाइफ टु कम’ हा कथासंग्रह १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कादंबरीचे स्वागत संमिश्र झाले. अनेक परीक्षकांना ती कालबाह्य आणि लेखकाच्या इतर कादंबऱ्यांपेक्षा फिकी वाटली. १९१४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे परीक्षण १९७१ च्या मापाने झाले, हा त्यातील अन्याय होता. तरीही मॉरिसच्या भोवतालच्या स्त्रीव्यक्तिरेखा पुसट आहेत, हा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही. पी. एन. फरबँक यांचे दोन खंडांतील चरित्र १९७७-७८ मध्ये आले आणि लेखकाचे खाजगी आयुष्य प्रथमच साधार उलगडले. त्यानंतर आधीच्या कादंबऱ्याही नव्याने वाचल्या जाऊ लागल्या.

‘मॉरिस’च्या अमेरिकेतील प्रकाशनाचे हक्क फॉर्स्टर यांनी इशरवुड यांना दिले होते. त्यांनी ते उत्पन्न स्वतःकडे न ठेवता त्यातून तरुण लेखकांना अमेरिकेत वास्तव्य करता यावे यासाठी फॉर्स्टर यांच्या नावाचा पुरस्कार सुरू करवला. मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माइल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी १९८७ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. त्यातील भूमिकांसाठी जेम्स विल्बी आणि ह्यू ग्रँट यांना व्हेनिस महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक विभागून मिळाले. दक्षिण आफ्रिकेचे लेखक डेमन गालगुट यांची ‘आर्क्टिक समर’ (२०१४) ही कादंबरी फॉर्स्टर यांच्या भारतातील आणि इजिप्तमधील वर्षांवर बेतलेली आहे. फॉर्स्टर यांचे कागदपत्र केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात जतन केलेले असून त्यांच्या दैनंदिन्या २०११ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्या.